लाखांच्या रकान्यात न मावणाऱ्या

गेल्या महिन्यात एका नव्या खासगी विद्यापीठाचं पत्रक हाती आलं. माजी विद्यार्थ्यांची पॅकेजं ठळक अक्षरांत, आणि खाली देणगीदारांची प्रतवारी: सुवर्ण, रौप्य, कांस्य. तालुक्याच्या शाळेत शिकवणारी एकही बाई त्यात नव्हती. हे मला फार लागलं, कारण माझं विद्यापीठ अशाच बायकांच्या कष्टावर टिकलं.

धोंडो केशव कर्व्यांनी, आमच्या अण्णांनी, 1916 मध्ये हे महिला विद्यापीठ काढलं तेव्हा सरकारी अनुदान नव्हतं, मान्यताही नव्हती. जो देईल त्याच्याकडून लहानमोठी वर्गणी गोळा करायची, एवढाच आधार. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपये जाहीर केले आणि नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव विद्यापीठाला मिळालं. त्यानंतरही अण्णांची वणवण थांबली नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, आफ्रिकेत पैसे मागत हिंडले. विद्यापीठाची ‘गृहीतागमा’ ही पदवी सरकार जुमानत नसे. ती घेऊन ज्या मुली बाहेर पडल्या, त्या बहुतेक मुलींच्या शाळांत शिकवायला गेल्या. 1936 मध्ये मुख्यालय मुंबईला आलं, 1951 मध्ये वैधानिक दर्जा मिळाला. पुढची वीस-बावीस वर्षं नव्या इमारतींची आणि नव्या विभागांची. त्यांत मला फारसा रस नाही.

माझं दशक 1975 ते 1985. चर्चगेटच्या आवारात विरार-कल्याणच्या लोकलमधून आलेल्या मुली, मराठी-गुजराती माध्यमाचे वर्ग, आणि मुलं सांभाळून घरी अभ्यास करून परीक्षेपुरत्या येणाऱ्या बायका. समाजशास्त्रज्ञ नीराबेन देसाईंनी 1974 मध्ये स्त्रियांविषयीच्या संशोधनाचं केंद्र इथेच सुरू केलं होतं, देशातलं पहिलं. एप्रिल 1981 मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद इथेच भरली. गावोगावच्या अभ्यासक आणि कार्यकर्त्या एका सभागृहात मजुरी, हुंडा, बलात्काराचा कायदा यांवर तावातावाने बोलत होत्या. बाईच्या घरकामाला अर्थशास्त्रात जागा का नाही, हा प्रश्न मी तिथे पहिल्यांदा ऐकला आणि आजवर तो माझ्या मनातून गेलेला नाही.

तेव्हा शहरातल्या नामांकित महाविद्यालयांतले विद्वान आमच्या पदवीला ‘लग्नापुरती पदवी’ म्हणत. स्त्री-अभ्यास हा विषयच नाही, असं एका प्राध्यापकांनी भर चर्चासत्रात मला सुनावलं होतं. पुढे अनेक विद्यापीठांत त्याच विषयाची केंद्रं निघाली. त्या गृहस्थांना उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आज देते: आमच्या वर्गातल्या ज्या मुलींना तुम्ही हसलात, त्यांतल्या कितीतरी जणींनी पुढे पन्नास-पन्नास मुलींचे वर्ग पोटच्या लेकींसारखे सांभाळले.

आज प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर शिकवून घेतलं जातं. तासावर पोट असलेल्या बाईने तास संपल्यावर थांबून कुणा मुलीची अडचण ऐकावी तरी कशी? आमच्या बाई थांबत. ग्रंथालय बंद होईपर्यंत थांबत, घरी बोलावून जेवू घालत आणि मग निबंध तपासून देत. माझ्या डोळ्यांदेखत सरलं ते हे, आणि त्याचं दुःख मला इमारतींच्या पडझडीपेक्षा मोठं आहे.

विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांनी किती पैसे दिले ते लाखांच्या हिशेबात विचारलं जातं. विचारावं, अण्णांनाही पैसे लागले होते. पण माझी एक वर्गमैत्रीण कोकणातल्या एका शाळेत आयुष्यभर शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. दरवर्षी पेन्शनमधून ती दोन-तीन मुलींचं परीक्षा शुल्क भरते, ज्यांना बाहेरून परीक्षा द्यायची असते त्यांचे अर्ज स्वतः बसून भरून देते. विद्यापीठांनी माजी विद्यार्थिनींच्या यादीत पगाराशेजारी हेही लिहावं: कोणत्या गावात, किती वर्षं, आणि तिच्या हाताखालून किती मुली पुढे शिकायला गेल्या. ही माहिती गोळा करायला पैसा लागत नाही, चार पत्रं लिहावी लागतात. ती या जूनपासून लिहायला घ्या.