झाकणाखालचा गायगर

ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांवरून खळबळ उडाली होती. बटणांचे पोलादी भाग भारतातून गेले होते आणि त्या पोलादात किरणोत्सारी कोबाल्ट-६० मिसळलेलं निघालं. बटणं जोडणाऱ्या कारखान्यातल्या २० कामगारांना किरणोत्सर्गाची १ ते ३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाल्याचं तिथल्या अणुसुरक्षा यंत्रणेने जाहीर केलं. पोलादाचा माग निघाला तो थेट खोपोलीच्या एका फाउंड्रीपर्यंत. खोपोली म्हणजे जुन्या मुंबई रस्त्याने बोरघाट उतरलं की लागणारं, आपण वडापावला थांबतो ते गाव. पुढे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत याहून वाईट घडलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली घेतलेलं आणि १९८५ पासून पडून असलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं. तिथे ते कापलं गेलं आणि एक जण प्राणाला मुकला. यंत्रात काय होतं हे कळलं ते माणसं इस्पितळात पोचल्यावर.

या दोन घटना आधी सांगायचं कारण असं, की किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घरी बाळगणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच येतो: ‘पुण्यात कशाला हवंय हे?’ अणुभट्टी नाही, युरेनियमची खाण नाही. खरं सांगायचं तर रोजच्या जगण्यात हे यंत्र नसलं तरी काही अडत नाही. पण भोसरी-चिंचवडपासून खोपोलीपर्यंत जिथे लोखंड वितळतं तिथे काय वितळतंय, हा प्रश्न पोरकट नाही. आणि ज्याला सोल्डरिंगचा नाद आहे त्याला तर निमित्तसुद्धा लागत नाही.

गेल्या काही वर्षांत ही यंत्रं काही हजार रुपयांत मिळू लागली. त्यांचे ढोबळ तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग उघड्या सर्किट बोर्डांचा. काचेची नळी, तिला उच्च विद्युतदाब पुरवणारं सर्किट आणि आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडायच्या तीन तारा, एवढाच मामला. दुसरा वर्ग रंगीत पडद्याच्या, हातात मावणाऱ्या तयार यंत्रांचा. तिसऱ्यात नळीच नसते. त्यात सिझियम आयोडाइडचा एक सेंटिमीटर बाजूचा स्फटिक आणि प्रकाशाचा कणही टिपणारा सिलिकॉन सेन्सर असतो. रेडियाकोड हे या वर्गातलं सगळ्यांत गाजलेलं नाव. किंमत पाच आकडी, पण आलेला किरण किती ऊर्जेचा होता हेही ते सांगतं, म्हणजे थोरियम की सिझियम एवढा फरक कळतो. पैसे असतील तर तेच घ्यावं, एवढं बोलून मी त्याला बाजूला ठेवतो. उघडून बघण्यासारखं, बिघडवून सुधारण्यासारखं जे आहे ते पहिल्या दोन वर्गांत.

मूळ कल्पना हान्स गायगर आणि वॉल्थर म्युलर यांची, १९२८ सालची. नळीत विरळ वायू, मधून एक तार आणि तार व भिंत यांच्यामध्ये शेकडो व्होल्ट. किरण आत शिरला की वायूचे काही अणू फुटतात, सुटे इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना आणखी अणू फोडतात आणि क्षणभर विजेचा लोंढा वाहतो. तीच आपली ‘टिक’. लोंढा थांबवायला नळीत थोडा ब्रोमीनसारखा हॅलोजन वायू घातलेला असतो. किरण दुबळा असो की जोरकस, टिक सारखीच. या नळीची सगळी थोरवी आणि सगळा दोष एवढ्यातच आला.

पडद्यावर मात्र ‘०.१६ मायक्रोसिव्हर्ट प्रतितास’ असा भारदस्त आकडा दिसतो. तो येतो कुठून? मिनिटाला पडलेल्या टिक गुणिले एक ठरावीक संख्या. चिनी जे-३०५ या काचेच्या नळीसाठी प्रचलित गुणक आहे ०.००८१२, सोव्हिएत काळातल्या एसबीएम-२० या पोलादी नळीसाठी ०.००५७. मिनिटाला २० टिक पडल्या तर पहिल्या गुणकाने ०.१६ आणि दुसऱ्याने ०.११. म्हणून झाकण उघडून नळीवरचा किंवा बोर्डवरचा क्रमांक वाचल्याशिवाय पडद्यावरच्या सिव्हर्टला काही अर्थ नसतो. एकाच नावाच्या, एकाच खोक्यातल्या यंत्रांत कधी लांब नळी असते, कधी बोटाच्या पेराएवढी. लहान नळीला टिकच कमी पडतात, मग फर्मवेअर जुन्या टिकांची सरासरी ओढत आकडा स्थिर असल्याचं सोंग करतं. परीक्षण लिहिताना पडदा किती सुंदर आहे याला मी शून्य गुण देतो.

शिवाय तो गुणक बसवलेला असतो सिझियम-१३७ च्या ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या गॅमा किरणांसाठी. त्याहून बऱ्याच कमी ऊर्जेच्या किरणांना उघडी नळी अवास्तव जास्त दाद देते. चांगल्या व्यावसायिक यंत्रांत नळीभोवती धातूचं पातळ कवच चढवून हे आवरतात, हौशी यंत्रांत ते बहुधा नसतं. घरी कथिल-शिशाचा पत्रा गुंडाळून प्रयोग करता येतो, पण मग बीटा किरण बाहेरच अडतात. दोन्ही हवं असेल तर कवच सरकतं ठेवावं.

आता सुट्या भागांसाठी पुण्याची बुधवार पेठ. पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत रेझिस्टर, कपॅसिटर, ५५५ टायमर, आर्डुइनो, उष्णतेने आकसणारी काळी नळी हे सगळं मिळतं. गायगरची ‘ट्यूब’ मागितलीत तर मात्र तुम्हाला विजेच्या दुकानाकडे पिटाळतील. ती बाहेरून मागवावी लागते, आणि बोर्ड साधारणपणे नळीसकटच येतो.

पहिली सुधारणा त्या काळ्या नळीची. जे-३०५ किंवा एम-४०११ या काचेच्या नळ्यांच्या आत पारदर्शक वाहक थर असतो, त्यामुळे उजेड आत जातो आणि उन्हातले अतिनील किरण खोट्या टिक पाडतात. मार्च-एप्रिलच्या पुणेरी उन्हात गच्चीवर उघडा बोर्ड ठेवला की आकडा उसळतो आणि माणूस घाबरतो. नळीला काळं आवरण घातलं की ‘किरणोत्सर्ग’ ओसरतो. पंचवीस रुपयांत होणारी एवढी गुणकारी दुरुस्ती दुसरी नसेल.

दुसरी गोष्ट दाबाची. या नळ्यांना ४०० व्होल्टच्या आसपास दाब लागतो. एसबीएम-२० साठी साधारण ३५० ते ४७५ हा पठाराचा भाग आहे, तिथे दाब थोडा हलला तरी टिकांची संख्या फारशी हलत नाही. बोर्डवर तो दाब फिरवायचा छोटा स्क्रू असतो आणि हात शिवशिवतातच. हौशी लोक इथे फसतात ते मल्टिमीटरमुळे. साध्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम. नळीच्या तारेकडे जाणाऱ्या वाटेवर ५ मेगाओहमचा रेझिस्टर असेल आणि त्याच्या पलीकडे मोजलं, तर खऱ्या ४०० व्होल्टचे २६७ दिसतात. सर्किट दुबळं असेल तर त्याहूनही कमी. मग माणूस स्क्रू पिळून मीटरवर ४०० आणतो, नळीवर प्रत्यक्षात सहाशे जातात आणि तिच्यात अखंड ठिणगी सुरू होऊन ती कायमची निकामी होते. उपाय असा: १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर ओळीने जोडून त्यांतून मोजायचं आणि आकड्याला १०१ ने गुणायचं. मीटरवर ३.९६ आले म्हणजे ४०० झाले. झटका जीवघेणा नसला तरी तो बसला की हातातली वस्तू उडते. त्यामुळे बॅटरी काढल्यावरही कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करूनच बोट घालावं.

तिसरी सुधारणा फर्मवेअरची. रॅड प्रो या नावाचं मुक्त फर्मवेअर काही चिनी तयार यंत्रांवर चढवता येतं. त्यात सरासरी कशी काढली जाते ते उघड आहे, गुणक बदलता येतो आणि टिकांमधल्या ‘मृतकाळा’ची दुरुस्ती होते. काही यंत्रांत त्यासाठी बोर्डवर पिना सोल्डर करून एसटी-लिंक प्रोग्रॅमर लावावा लागतो. आधी चिपचा नेमका प्रकार तपासावा, कारण जुनं फर्मवेअर सहसा वाचून ठेवता येत नाही आणि एकदा पुसलं की परतीची वाट बंद. तरीही मी हा बदल करा असंच सांगेन. मृतकाळ ही किरकोळ बाब नाही. टिक पडल्यावर नळी क्षणभर आंधळी असते. फार तीव्र स्रोतासमोर ती सावरूच शकत नाही आणि वाईट यंत्र तेव्हा जवळजवळ शून्य दाखवतं. बिनफिकीर शून्यासारखं धोकादायक काही नाही.

एवढं करून मोजायचं काय? पुण्यात मोजण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त त्यातलं बरंचसं कंटाळवाणं आहे. दख्खनचा काळा बसाल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब, त्यामुळे इथली पार्श्वभूमी शांत. दक्षिणेकडून आलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर यंत्र ठेवून काही तास टिक मोजल्या तर फरक दिसू शकतो. केळ्यातल्या पोटॅशियमची गोष्ट सगळे सांगतात, पण एका केळ्यात सेकंदाला १५ च्या आसपास विघटनं होतात आणि घरच्या नळीला ती दिसत नाहीत. त्यापेक्षा खतांच्या दुकानातून किलोभर म्युरेट ऑफ पोटॅश आणावं. त्यात सेकंदाला सुमारे १५,००० विघटनं होतात, आणि पिशवीला पातळ भिंतीची नळी टेकवून तासभर थांबलं की आकडा वर सरकतो. गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलमध्ये आणि वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन कांडीत थोरियम असतं. त्यांनी नळी खडबडून जागी होते. मेंटल पिशवीतून काढू नये, कांडी घासू नये. थोरियमची धूळ श्वासात जाणं हाच त्यातला खरा धोका.

माझ्या मते सगळ्यांत देखणा प्रयोग वळवाच्या पावसाचा. जमिनीतून हवेत आलेल्या रेडॉनची पिल्लं, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पहिल्या सरींबरोबर खाली येतात. गाडीच्या टपावरचं पाणी टिश्यूने पुसून तो बोळा नळीवर ठेवला की टिक वाढतात आणि अर्ध्या-पाऊण तासात ती वाढ निम्मी होते. २७ आणि २० मिनिटांची अर्धायुष्यं डोळ्यांसमोर संपताना दिसतात. जुलैतल्या संततधारेत हे तितकं जमत नाही. तेव्हाची हवा समुद्रावरून येते आणि समुद्रातून रेडॉन फारसा निघत नाही.

सिंहगडावर जाऊन वैश्विक किरण मोजायची हौस मात्र जपून करावी. मिनिटाला २० टिक असतील तर त्यातली नैसर्गिक चढउतार वर्गमुळाइतकी, म्हणजे चार-साडेचार. पायथ्याला १७ आणि माथ्यावर २३ आले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. दोन टक्के अचूकतेसाठी २,५०० टिक जमवाव्या लागतात, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ, तोही दोन्ही ठिकाणी आणि सारख्याच दगडावर. पिठलं-भाकरी खायला वेळ मिळतो, एवढा फायदा.

मोबाइल टॉवरखाली यंत्र घेऊन जाणाऱ्यांनाही एक सांगून ठेवतो. तिथे गायगर गप्पच राहणार. टॉवरच्या लहरी अणू फोडत नाहीत. आणि ‘रेडिएशन मीटर’ म्हणून विकली जाणारी विद्युतचुंबकीय क्षेत्राची यंत्रं थोरियमसमोर तितकीच गप्प राहतात. खरेदीआधी आत गायगर नळी किंवा स्फटिक आहे का, एवढं विचारलं तरी निम्मी फसवणूक टळते.

काही कामं मात्र या नादात बसत नाहीत. धूरसूचक फोडून त्यातलं अमेरिसियम काढणं हे त्यातलं पहिलं. किरणोत्सारी स्रोत बाळगणं अणुऊर्जेचे कायदे आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्यांच्या कक्षेत येतं. भंगारात किरणोत्सर्गाचं तीन पाकळ्यांचं चिन्ह किंवा संशयास्पद जड शिशाचा डबा दिसला तर तो उघडायचा नाही. दूर व्हायचं आणि पोलिसांना कळवायचं. आकडा आणखी नीट दिसावा म्हणून जवळ जायचं नाही.

राहता राहिली मुख्य अडचण. इतकं सगळं केलं तरी घरी बनवलेलं यंत्र खरं बोलतं का, हे तपासायला ज्ञात तीव्रतेचा स्रोत लागतो आणि तो हौशी माणसाकडे नसतो, नसावाही. पुण्यातल्या भौतिकशास्त्राच्या विभागांत मात्र गायगर-म्युलरचे प्रयोग अभ्यासक्रमात असतात, आणि त्यासाठी सिझियम, कोबाल्ट किंवा स्ट्रॉन्शियमचे सीलबंद परवानाधारक छोटे स्रोत वापरले जातात. पठाराचा आलेख आणि अंतराच्या व्यस्त वर्गाचा नियम विद्यार्थी दरवर्षी काढतात. माझी या विभागांना विनंती आहे: वर्षातून दोन-तीन रविवारी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा उघडा, बाहेरच्यांची यंत्रं तुमच्या यंत्राशेजारी ठेवा आणि प्रत्येकाला त्याचा गुणक कागदावर लिहून द्या.