राखणदाराच्या घराची शाकारणी

मावळात मृगाआधी घर शाकारण्याची रीत जुनी आहे. बेडसे आणि पवनेच्या खोऱ्यातील इतर गावांत कौलारू घरे होती तोवर वैशाख सरता सरता फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली सारखी करावयाची, हे काम कोणी सांगण्याची वाट न पाहता होत असे. घर पडावयास आले होते म्हणून नव्हे. पाऊस केव्हा येणार हे ठाऊक होते म्हणून. शाकारलेल्या घराचे कौतुक मात्र कोणी करीत नसे. गळले नाही, यात सांगण्यासारखे काय असते?

संगणकाच्या बाबतीतील डागडुजी नेमकी याच जातीची आहे. फरक एकच, पण तो फार मोठा. कोणत्या घराचे कोणते कौल फुटले आहे, याची यादी पाऊस वाचीत नाही. संगणकावर चाल करून येणारा ती वाचतो.

आज बँका, वीजकंपन्या, विद्यापीठे, मोठी रुग्णालये आणि सरकारी खाती यांचा कारभार शेकडो यंत्रांवर चालतो. त्या सर्वांवर नजर ठेवण्यासाठी एक वेगळी प्रणाली बसविलेली असते. कोणत्या यंत्राची जागा भरत आली, कोणती जोडणी तुटली, कोठे ताण वाढला, हे ती क्षणोक्षणी टिपते आणि त्याचे आलेख ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका पानावर दाखविते. कॅक्टी, झॅबिक्स, नागिओस ही त्यांतील परिचित नावे; ती विनामूल्यही मिळतात. गावच्या जागल्याला जशी प्रत्येक घराची खडान्‌खडा माहिती, तशी या प्रणालीला प्रत्येक यंत्राची. कित्येकदा त्यांच्या किल्ल्याही तिच्याच कमरेला असतात. म्हणूनच चोराच्या दृष्टीने तिच्याइतके सोयीचे घर दुसरे नाही, आणि दुर्दैव असे की, सर्वांत उशिरा शाकारले जाते तेही तिचेच.

कॅक्टीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्यातील एक दोष जाहीर झाला. या प्रणालीचे एक पान फक्त आपल्याच माहितीगार यंत्रांसाठी उघडे असावे, अशी योजना होती. पण येणारे यंत्र आपले की परके, हे ठरविताना ते स्वतः विनंतीसोबत जो पत्ता सांगेल त्यावर विश्वास ठेवला जात होता. ‘मी घरचाच’ एवढे म्हटले की दार उघडावे, तसा हा प्रकार. आत आल्यावर त्या पानाला एक क्रमांक द्यावयाचा असे. तो खरोखर अंकच आहे की काय, हे न तपासताच तो मूळ यंत्राच्या आज्ञेत जोडला जाई. मग अंकाच्या जागी कोणी आज्ञाच लिहून दिली तर? यंत्र ती मुकाट्याने पाळी. दुरुस्ती मोजक्या ओळींची होती : सांगितलेल्या पत्त्यावर विसंबू नये, आणि अंक मागितला असेल तर अंकच घ्यावा. प्राथमिक शाळेतील शिक्षकही हजेरी घेताना याहून अधिक चौकस असतो!

खरी गोष्ट यापुढची आहे. दुरुस्ती जाहीर होणे म्हणजे छिद्राचा नकाशा जाहीर होणे. जुन्या आणि नव्या आवृत्तीतील ओळी शेजारी ठेवल्या की, काय बदलले ते दिसते, आणि काय बदलले त्यावरून काय चुकले होते तेही उमगते. कॅक्टीच्या बाबतीत जानेवारी २०२३ उजाडताच प्रत्यक्ष हल्ले दिसू लागले. त्याच महिन्यात सेन्सिस या संस्थेने महाजालावर उघड्या असलेल्या कॅक्टीच्या सहा हजारांहून अधिक प्रणाली मोजल्या. बाहेरून ज्यांची आवृत्ती ओळखता आली, त्यांत दुरुस्त झालेल्या फक्त २६ निघाल्या. म्हणजे ठिगळ शिवून तयार होते, फुकट होते. अंगरखा कोणी काढून दिला नाही.

असे का होते? आळस हे उत्तर सोपे आहे, म्हणून ते अपुरे आहे. आपल्या कार्यालयांच्या अंदाजपत्रकात यंत्र विकत घेण्यास रक्कम असते, उद्‌घाटनास असते. दर महिन्याला ते दुरुस्त ठेवण्याच्या कामाला बहुधा स्वतंत्र शीर्षच नसते. ज्याने प्रणाली बसविली त्या अधिकाऱ्याची बदली होते, कंत्राटदाराची मुदत संपते, आणि मागे उरतो तो परवलीचा शब्द ठाऊक असलेला एखादा कारकून. ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’, हा त्याला मिळालेला एकमेव लेखी-अलेखी आदेश. दुरुस्ती करताना यंत्र अर्धा तास बंद पडले तर जाब त्याला द्यावा लागतो; दुरुस्ती न केल्याचा जाब विचारणारे कोणी नसते. अशा स्थितीत त्याने हात न लावणे यात त्याचा दोष कितीसा धरावा?

त्याच्या भीतीला आधार नाही, असेही नाही. ओरायन ही सोलारविंड्‌स कंपनीची निरीक्षण-प्रणाली. २०२० साली तिच्या अधिकृत अद्ययावत आवृत्तीतच हेरांनी आपला माल मिसळला होता, आणि सुमारे १८ हजार ग्राहकांनी तो निष्ठेने आपल्या घरात घेतला. पुढे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष दुरुस्तीने जगभरातील सुमारे ८५ लाख यंत्रे कोलमडली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास द्यावे लागले. ती दुरुस्ती कंपनीने ७८ मिनिटांतच मागे घेतली होती. आधी थोड्या यंत्रांवर, मग बाकीच्यांवर, अशी सोय त्या प्रकारच्या दुरुस्तीला तेव्हा असती, तर बहुतेक यंत्रे वाचली असती. ती सोय नंतर देण्यात आली.

वाईट डागडुजी किती नुकसान करू शकते, याची साक्ष बेडशाची लेणीच देतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या तेथील चैत्यगृहात भिंतींवर आणि खांबांवर जुन्या चित्रांचे अवशेष होते. १८६१ च्या सुमारास, येणाऱ्या गोऱ्या साहेबांना लेणी नीटनेटकी दिसावीत म्हणून स्थानिक अंमलदारांनी ती ‘साफ’ करविली, आणि गिलाव्यासह ती चित्रेही गेली. हेतू वाईट नव्हता; एका कोपऱ्यात करून पाहण्याची सबुरी नव्हती. पण यावरून लेण्यांची निगाच राखू नये असे कोणी म्हणत नाही. आज जी लेणी उभी आहेत ती निगेमुळेच.

महाराष्ट्राला हा विषय परका राहिलेला नाही. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या साथीने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. ती साथ एकाहून अधिक वाटांनी पसरत होती. त्यांतील एक वाट बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे साडेतीन महिने आधी, उपलब्ध झाली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यामागे परकीय घातपात असावा, असा संशय राज्याच्या गृहमंत्र्यांनी मार्च २०२१ मध्ये सायबर पोलिसांच्या अहवालाच्या आधारे व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक ठरविली. वाद कोणाचाही खरा असो. तो सुटावयाचा तर निरीक्षण-प्रणालीच्या नोंदी विश्वासार्ह हव्यात. जागल्याच फितूर होऊ शकत असेल, तर त्याच्या रोजनाम्याला साक्षीचे मोल कसे राहावे?

केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे बंधन घातले. ते योग्यच आहे. परंतु हे सारे घर गळल्यानंतरचे झाले. अमेरिकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये याच्या एक पाऊल पुढे जाऊन, ज्या दोषांचा गैरवापर प्रत्यक्ष चालू आहे त्यांची जाहीर यादी ठेवली आणि आपल्या संघीय खात्यांना, नव्या दोषांसाठी साधारणतः दोन आठवड्यांची, मुदत बांधून दिली. कॅक्टी आणि झॅबिक्स या दोहोंचे दोष त्या यादीत आले. आपल्या राज्य शासनाने अशीच मुदत आपल्या खात्यांना, महामंडळांना आणि अनुदानित विद्यापीठांना घालून देण्यास कायद्याची अडचण दिसत नाही. मुदतीबरोबर दोन गोष्टी द्याव्या लागतील : डागडुजीसाठी अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष, आणि महिन्यातून एकदा, पूर्वसूचना देऊन, यंत्रे काही वेळ बंद ठेवण्याची लेखी मुभा.

तोवर एक गोष्ट मात्र कोणत्याही कार्यालयाला पैशावाचून करता येईल. निरीक्षण-प्रणालीचे पान कार्यालयाबाहेरून, घरच्या मोबाइलवरून उघडते काय, हे पाहावे. उघडत असेल तर दुरुस्तीची वाट न पाहता ते आधी बाहेरच्या जगाला बंद करावे, आणि मग आवृत्तीचा क्रमांक तपासावा.