बालकांतील आतड्यांचा दाहविकार : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या विकारांत क्रोन्स डिसीज व अल्सरेटिव्ह कोलायटिस हे दोन प्रमुख होत. प्रौढांत जुलाब, पोटदुखी व शौचावाटे रक्त ही लक्षणे ठळक असतात. बालकांत मात्र, विशेषतः क्रोन्समध्ये, कित्येकदा उंची खुंटणे हीच पहिली खूण ठरते. वाढीची वर्षे मर्यादित असल्याने निदानास झालेला विलंब भरून काढणे कठीण जाते.

भारतात आतड्यांचा क्षयरोग व क्रोन्स यांची लक्षणे मिळतीजुळती असल्याने निदान गुंतागुंतीचे बनते. क्षयरोग असताना प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिल्यास तो बळावतो. उलट, क्रोन्स असताना केवळ क्षयरोगाचे उपचार चालू राहिल्यास बहुमोल महिने वाया जातात. म्हणून दुर्बिणीद्वारे तपासणी व ऊतक परीक्षण आवश्यक ठरते.

स्टेरॉइडच्या दीर्घ वापराने वाढ खुंटते. त्यामुळे बालकांतील क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे केवळ विशिष्ट द्रवरूप आहार देण्याची पद्धत प्रथम विचारात घेतली जाते. तीत बालरोगतज्ज्ञ, पोटविकारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ यांचे एकत्रित कार्य अपेक्षित असते.

मिरज येथे १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. साताऱ्यातही आता तशी सोय झाली आहे. तथापि बालकाला तेथवर पोहोचवणारा दुवा गावातच असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळा-अंगणवाड्यांत बालकांची तपासणी होते. तेथील उंचीची नोंद मागील वर्षाच्या नोंदीशी ताडून पाहणे, ही विशेष उपचारांची पहिली पायरी होय.