ओल्या हवेंत गवत वाळविण्याची युक्ति

वर्धा नदीच्या कांठीं असलेल्या पुलगांवच्या परिसरांत आश्विनाच्या आरंभीं दोन गोष्टी एकदमच घडतात : माळावरील पवन्या आणि मारवेल हीं गवतें फुलोऱ्यास येतात, आणि परतीचा पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. फुलोऱ्याच्या सुमारास गवताचें उत्पन्न व सत्त्व यांचा उत्तम मेळ असतो. पुढें बीं धरून काडी कठीण झाली कीं सत्त्व उतरतें. कापावें तर पावसाची भीति, थांबावें तर हातीं नुसती काडी. वर्धा जिल्ह्याच्या प्रसिद्ध गवळाऊ गाईला उन्हाळ्यांत कसा चारा मिळेल, आणि शहरांतील घरीं दूध किती पोंचेल, हें बऱ्याच अंशीं या दिवसांवर ठरतें.

याचा हिशेब सोपा आहे. ताज्या गवतांत शेंकडा ७५ भागांच्या आसपास पाणी असतें. गंजी रचतांना तें शेंकडा २० हून अधिक असूं नये. म्हणजे १०० किलो गवतांतून सुमारें ६९ किलो पाणी हवेंत गेलें पाहिजे. दमट हवेची पाणी घेण्याची शक्ति मुळांतच थोडी. त्यांत वरचा थर सुकून झांकणासारखा बसतो, आणि खालचा थर ओल्या जमिनीस चिकटून बुरसतो. वरचें कोरडेपण पाहून घाईनें गंजी रचली, तर आंतील ओलीनें ती तापते, आणि कधीं कधीं आपोआप पेटतेहि.

यावर उपाय म्हणजे थर मोकळा करून वाऱ्यास वाट देणें. दाताळ्यानें गवत उलटण्याची जुनी रीत याचसाठीं आहे. इंग्लंडांत वोबर्न येथील रॉबर्ट सामन यांनीं १८१४ च्या सुमारास या कामासाठीं घोड्यानें ओढावयाचें यंत्र तयार केलें. अशा यंत्रास टेडर म्हणतात. हल्लीं तें ट्रॅक्टरला जोडतात. त्याचे फिरते दांते गवत उचलून, उधळून विरळ पसरतात.

यंत्र असो वा दाताळें, वेळ साधली पाहिजे. कापणीनंतर थोड्याच तासांत पहिली फेरी द्यावी. दुसऱ्या दिवशीं दंव उडाल्यावर पुन्हां. गवत कडक झाल्यावर उधळलें तर पानें झडतात, आणि अधिक सत्त्व पानांतच असतें. संध्याकाळीं लहान ढीग करावे, म्हणजे दंवाला कमी जागा मिळते. जुडी पिळून हातास ओल लागत नसेल, तरच गंजीचा विचार करावा.

यंत्रानें पाऊस थांबत नाहीं. परंतु लाभलेली उघडीप त्यामुळें पुरेशी ठरूं शकते.