फुगलेला चेहरा उतरतो का? फिलरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुटख्यामुळे तोंड उघडेनासं झालेला माणूस दंतवैद्याकडे जातो, तेव्हा त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला अनेकदा स्टेरॉइडसोबत हायलुरॉनिडेज नावाचं औषध टोचतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळा बधिर करायच्या इंजेक्शनातही ते मिसळण्याची पद्धत आहे, कारण त्यामुळे भूल लवकर पसरते. फिलरने ओठ किंवा गाल प्रमाणाबाहेर फुगले, तर ते उतरवायलाही हेच औषध वापरतात.

ही माहिती आधी द्यायचं कारण असं की, चेहरा बिघडला की माणसाला पहिल्यांदा वाटतं, आता हे असंच राहणार. तसं बहुतेकदा नसतं. मात्र 'एक सुई मारली की झालं पूर्वीसारखं' हेही खरं नाही. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे ते नीट समजून घ्यायला हवं. बीड जिल्ह्यातल्या धारूरसारख्या तालुक्याच्या गावी तर जास्तच, कारण इथली मुलगी पुण्यात नोकरीला असते, लग्न ठरलं म्हणून तिथे ओठ भरून घेते, गावी येते आणि त्रास सुरू होतो तो इथे. जिने टोचलं ती डॉक्टर तीनशे किलोमीटरवर आणि विचारायला जवळ कोणी नाही.

'फिलर आणि बोटॉक्स एकच' हा गोंधळ आधी संपवू. बोटॉक्सने स्नायू सैल पडतो, तीन-चार महिन्यांत असर ओसरतो आणि तो उलटवायचं औषध नाही, थांबावंच लागतं. फिलर म्हणजे त्वचेखाली भरलेला माल. गाल वर आला, ओठ जाड झाला, डोळ्याखालचा खड्डा भरला, हे फिलरचं काम. उतरवण्याचा प्रश्न येतो तो फिलरचा.

'सगळं फिलर विरघळवता येतं.' हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. हायलुरॉनिडेज विरघळवतं ते फक्त हायलुरॉनिक आम्लाचं फिलर. आज सर्वाधिक वापर याच प्रकाराचा आहे, म्हणून बहुतेकांचं काम भागतं. पण कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटचं फिलर असतं, पॉलिलॅक्टिक आम्लाचं असतं, पीएमएमए नावाच्या प्लास्टिकच्या बारीक मण्यांचं असतं. त्यांच्यावर या औषधाचा काही असर होत नाही. पहिली दोन काळाबरोबर कमी होतात, पीएमएमए कायमचं राहतं. चेहऱ्यात पातळ सिलिकॉन टोचलं असेल तर गाठी काढायला शस्त्रक्रियाच उरते आणि तीही अवघड, कारण सिलिकॉन ऊतींमध्ये शिरून बसतं. सौंदर्यासाठी असं सिलिकॉन टोचायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही, तरी स्वस्तात मिळतं म्हणून ते जगभर टोचलं जातं.

त्यामुळे दुरुस्तीला गेल्यावर चांगला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, 'काय भरलंय?' याचं उत्तर बहुतेकींकडे नसतं. नामांकित कंपन्यांच्या फिलरच्या खोक्यात छोटे चिकट स्टिकर येतात, त्यांवर नाव आणि लॉट नंबर असतो. त्यातला एक रुग्णाच्या कागदावर चिकटवायचा असतो. तो मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आपल्याकडे फिलर वैद्यकीय उपकरण नियम, 2017 खाली येतं. परदेशी माल असेल तर खोक्यावर आयात परवान्याचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव लागतं. ते नसेल तर सुई टोचून घेण्याआधीच उठून यावं.

'थांबा, वर्ष-दीड वर्षात आपोआप जातं.' कंपन्या साधारण सहा ते अठरा महिने सांगतात, आणि वरून दिसणारा परिणाम खरंच तेवढ्यात ओसरतो. पण एमआरआय तपासणीत कित्येक वर्षांपूर्वीचं फिलर गालात आणि डोळ्याखाली तसंच सापडल्याचं ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं आहे. चेहरा प्रमाणाबाहेर जातो तो इथेच. एका सिरिंजमध्ये एक मिलिलीटर माल असतो, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. एकदाच भरला तर कळतही नाही. पण 'उतरलं वाटतं' म्हणून दर वर्षी वर एक सिरिंज चढवत गेलं, आणि जुनं पूर्ण गेलेलं नसलं, तर पाच-सहा वर्षांत गालाचा आकार बदलतो. हसताना गाल डोळ्यांवर चढतात, वरचा ओठ नाकाच्या बाजूने फुगून येतो. डोळ्याखाली फिलर वरच्या थरात राहिलं तर प्रकाशाच्या विखुरण्यामुळे तिथे निळसर झाक दिसते. घरचे म्हणतात, झोप होत नाही का?

याच्याच जोडीला एक सल्ला दिला जातो, तो फार चुकीचा आहे. ओठ मोठे दिसतात ना, मग हनुवटी थोडी भरू, गाल थोडे उचलू, म्हणजे सगळं जुळून येईल. अति झालेल्याला आणखी अति करून नैसर्गिक रूप येत नाही. आधी काढायचं, चेहरा स्थिर होऊ द्यायचा, आणि मग गरज असेल तरच पुन्हा विचार. बहुतेक वेळा ती गरज उरत नाही.

मुंबईत राहणारी अभिनेत्री उर्फी जावेद हिने जुलै 2025 मध्ये ओठांतलं फिलर विरघळवतानाचा व्हिडिओ स्वतःच समाजमाध्यमांवर टाकला. फिलर नेहमीच चुकीच्या जागी बसायचं म्हणून ते काढायचं ठरवलं, आणि काढणं वेदनादायक आहे, असं तिने सांगितलं. व्हिडिओत तिचे ओठ आणि चेहरा चांगलेच सुजलेले होते. त्या सुजलेल्या चेहऱ्यालाच शेवटचा निकाल समजून लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. हे वाईट वाटण्यासारखं आहे, कारण तिने उघडपणे दाखवलं तेच बाकीच्यांना उपयोगी पडणारं होतं. विरघळवल्यावर पहिले एक-दोन दिवस सूज वाढते आणि मग उतरत जाते. ती सूज म्हणजे बिघाड नव्हे. अमेरिकी अभिनेत्री कोर्टनी कॉक्सनेही 2017 मध्ये आपलं फिलर विरघळवल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं.

प्रत्यक्षात काम कसं चालतं? हायलुरॉनिडेज बाटलीत कोरड्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं. आपल्याकडे साधारण 1500 युनिटची बाटली मिळते. डॉक्टर त्यात सलाइन घालून ते पातळ करतो. आधी हाताच्या आतल्या बाजूला एक थेंब टोचून वीसेक मिनिटं वाट बघतात, तिथे गांधी उठते का, खाज येते का. मग बोटांनी चाचपून, काही ठिकाणी सोनोग्राफीवर बघून, फिलर नेमकं कुठे आहे ते ठरवतात आणि अगदी बारीक सुईने थोडं थोडं औषध तिथेच सोडतात. जोरात जळजळतं. तासाभरात भाग मऊ लागायला सुरुवात होते आणि बराचसा असर एक-दोन दिवसांत दिसतो. औषध शरीरात फार टिकत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं, लागलं तर दुसरा हप्ता. पूर्ण न काढता थोडंच उतरवायचं असेल तर कमी मात्रा देतात, पण मापून चार आणे विरघळवणं कोणालाच जमत नाही. घाई न करणारा डॉक्टर म्हणूनच बरा.

'विरघळवलं की आपलं मांसही जातं, चेहरा लोंबतो.' ही भीती अनेकींना थांबवून ठेवते, म्हणून ती नीट उलगडून पाहू. हायलुरॉनिक आम्ल आपल्या शरीरातलंच द्रव्य आहे. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात ते साधारण पंधरा ग्रॅम असतं आणि त्यातलं एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होतं. फिलरमधल्या आम्लाचे धागे रसायनाने एकमेकांना बांधलेले असतात, जाळ्याला जागोजागी गाठी मारल्यासारखे, म्हणून ते इतके टिकतात. हायलुरॉनिडेज फिलरबरोबर आसपासचं आपलं आम्लही थोडं मोडतं, हे खरं. पण शरीर ते पुन्हा तयार करतं. स्नायू, चरबी, हाडं यांना हे औषध हात लावत नाही. मग चेहरा ओघळल्यासारखा का वाटतो? कितीतरी वर्षं आतून ताणलेली त्वचा एकदम रिकामी होते, आणि माणसाला आपला खरा चेहरा आठवत नसतो. आरशात दिसतं ते आत्ताच्या वयाचं असतं, फिलर करण्याआधीच्या वयाचं नव्हे. हे डॉक्टरने आधी समजावून सांगायला हवं, आणि रुग्णाने जुने फोटो घेऊन जायला हवेत, ताजे सेल्फी नव्हेत.

औषध निर्धोक आहे का? बहुतेकांसाठी हो, पण ॲलर्जी होऊ शकते आणि क्वचित ती गंभीर होते. इथे बालाघाटाच्या डोंगरातल्या माणसांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषातही हायलुरॉनिडेज असतं. मोहोळ उठून माश्या चावल्यावर ज्याला दम लागला, अंगभर गांध्या उठल्या, घसा सुजला, त्याला या इंजेक्शनाचीही तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. नुसतं चावल्या जागी सुजणं वेगळं. शेतात-डोंगरात राहिलेल्या बाईने हे डॉक्टरला स्वतःहून सांगावं, कारण शहरातला डॉक्टर विचारेलच असं नाही. गरोदरपणात आणीबाणी नसेल तर हे टाळतात. आणि जागा लाल, गरम, पू धरलेली असेल तर आधी संसर्गावर उपचार, नाहीतर तो पसरण्याचा धोका असतो.

घरगुती इलाजांनी फिलर विरघळत नाही. गरम शेक, तेलाची मालिश, हळदीचा लेप यांनी आतली जेल जागची हलू शकते, पण कमी होत नाही. गुठळी आहे म्हणून बोटाने दाबत बसण्यात तर नुकसानच.

आता ती एक गोष्ट जिथे थांबायचं नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर तिथल्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. कातडी पांढरी पडते किंवा निळसर-जांभळी जाळी उमटते, प्रमाणाबाहेर दुखतं, पुढे काळे चट्टे आणि जखम. हे टोचताना किंवा काही तासांत, कधी दुसऱ्या दिवशीही लक्षात येतं. नाक आणि भुवयांमधला भाग यात सर्वांत धोक्याचा, कारण तिथल्या वाहिन्यांचा संबंध डोळ्याच्या वाहिनीशी आहे; नजर जाऊ शकते. डोळ्याच्या पडद्याला रक्त मिळालं नाही तर सुमारे तास-दीड तासात कायमचं नुकसान होतं. अशा वेळी हायलुरॉनिडेज मोठ्या मात्रेत, गरज पडेल तसं तासातासाने द्यावं लागतं. 'उद्या सकाळी दाखवू' हे चालत नाही.

धारूरहून हे गणित कसं दिसतं ते बघा. बीडकडे तेलगावमार्गे निघालं तर घाट उतरावा लागतो, तो घाट अरुंद आणि अपघातांसाठी कुप्रसिद्ध. दुसरीकडे आडस किंवा केजमार्गे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, ते अशा वेळी गाठावं. निघतानाच ज्याने टोचलं त्याला फोन करून काय आणि किती टोचलं ते विचारून घ्यावं. म्हणून फिलर करायचंच असेल तर पहिले दोन दिवस त्याच शहरात थांबा. आणि टोचायच्या आधी डॉक्टरला सरळ विचारा, 'हायलुरॉनिडेज आत्ता तुमच्या कपाटात आहे का?' ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून फिलर घेऊ नका.

पार्लरमध्ये फिलर करणं कायद्याच्या बाहेर आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यावसायिक अधिनियम, 1961 नुसार नोंदणी नसलेल्या माणसाने वैद्यकीय उपचार करणं गुन्हा आहे. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतं. आणि ऑनलाइन मिळणारं ते सुईविना पेन, जे दाबाने फिलर ओठात ढकलतं, त्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2021 मध्ये सरळ इशारा दिला होता. दाब किती आणि माल कुठे जातो यावर ताबा राहत नाही. मैत्रिणीने मैत्रिणीवर वापरायची ती वस्तू नव्हे.

लग्न तोंडावर असताना दुरुस्ती करायची असेल तर दिवस मोजून घ्या. विरघळवल्यावर दोन आठवड्यांनी तपासणी, लागला तर दुसरा हप्ता आणि त्यानंतर आणखी दोन आठवडे, शिवाय काळे-निळे डाग जायला वेळ. अक्षतांच्या तारखेआधी किमान दीड-दोन महिने हाताशी असावेत. तेवढे नसतील तर आणीबाणी वगळता आहे तसं राहू द्या आणि लग्न झाल्यावर निवांत जा.