घायपातीला जागा हवी

आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारी घायपात मूळची मेक्सिकोकडची. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात लोक ती हौसेने अंगणात लावतात. रोप वीतभर, म्हणून ते पायवाटेलगत लागते. पुढे घेर 8-10 फुटांवर जातो आणि पानांचे काटे नेमके मुलांच्या डोळ्यांशी येतात. मग पाने छाटून झाड विद्रूप केले जाते. म्हणून मी म्हणतो, जागा आधी मोजा. बुडाशी पाणी साचू देऊ नका. सोंडेचा भुंगा बुंध्यात अंडी घालतो, अळ्या गाभा पोखरतात आणि मोठे झाड अचानक खाली बसते. भुंगा टळला, तर साधारण 10 ते 30 वर्षांनी एकदाच फुलांचा उंच दांडा येतो नि झाड मरते. भोवती पिल्ले मात्र उरतात. त्यांतले एक राखा, पण या वेळी वाटेपासून दूर.