कार्यालयीन कामासाठी कमी खर्चाचा संगणक : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा

शेतकरी उत्पादक कंपन्या, रोपवाटिका, दूध संकलन केंद्रे आणि कृषी सेवा केंद्रे यांचे दप्तर आता बहुतांशी संगणकावर आले आहे. सभासदांची यादी, माल खरेदीच्या पावत्या, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार ही कामे केवळ वहीवर भागत नाहीत. त्यामुळे प्रशिक्षण वर्गाला येणारे संचालक पीक लागवडीच्या प्रश्नांबरोबर "सर, ऑफिसला कॉम्प्युटर कोणता घ्यावा?" असेही विचारतात. प्रस्तुत लेखक कृषिविद्या शिकवतो, संगणकशास्त्र नव्हे. मात्र विभागातील व परिचयाच्या काही मंडळींचे संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडून दिले आहेत. त्या अनुभवावरून ही माहिती देत आहे.

विहिरीवर पंप बसवताना आपण पाण्याची खोली, पाइपची लांबी व ओलिताचे क्षेत्र पाहून अश्वशक्ती ठरवतो. संगणकाचेही तसेच आहे. हिशेब, पत्रव्यवहार, तक्ते, शासकीय पोर्टलवर माहिती भरणे व छपाई एवढेच काम असेल तर वेगळे ग्राफिक कार्ड, काचेची कॅबिनेट, रंगीत दिवे यांपैकी कशाचीही गरज नाही. हे भाग खेळ खेळणाऱ्यांसाठी असतात. "पुढेमागे कामाला येईल" असे दुकानदाराने सांगितले तरी तो खर्च टाळावा.

मर्यादा घालणारा घटक ओळखा

लिबिगचा किमान घटकाचा नियम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. जमिनीत जस्ताची कमतरता असेल तर नत्राची मात्रा वाढवून उत्पादन वाढत नाही. संथ चालणाऱ्या जुन्या संगणकात हा कमी पडणारा घटक बहुधा प्रोसेसर नसतो, तर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. तबकडीवर विखुरलेली माहिती गोळा करताना तिची सुई सेकंदाला शंभराच्या आसपासच वेळा जागा बदलू शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हेच काम ती हजारो वेळा करते. जुना संगणक सुरू होण्यास तीन-चार मिनिटे घेत असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर तो अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू होतो असा आमचा अनुभव आहे. म्हणून नवा संगणक घेण्यापूर्वी आहे त्यातच एसएसडी बसवून भागते का, हे प्रथम पाहावे. कार्यालयाला २५६ जीबीची एसएसडी पुरते, ५०० जीबीची मिळाल्यास उत्तम.

रॅम ८ जीबी असावी. ती शक्यतो एकाच पट्टीत घेऊन मदरबोर्डवरील दुसरी खाच मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे गरज पडल्यास तेवढीच पट्टी वाढवता येते. रॅमचे भाव फार चढउतार करतात. २०२५ च्या अखेरीस ते बरेच चढले. म्हणून तीन दुकानांची दरपत्रके एकाच दिवशी घ्यावीत. महिन्यापूर्वीच्या दरपत्रकाशी तुलना करण्यात अर्थ नसतो.

प्रोसेसर व मदरबोर्ड यांची निवड एकत्रच करावी लागते, कारण प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक बोर्डावर बसत नाही. इंटेलचा कोअर आय-३ १२१०० हा २०२२ साली आलेला चार गाभ्यांचा प्रोसेसर एच-६१० जातीच्या बोर्डावर चालतो व वरील सर्व कामे सहज करतो. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा दुसरा चांगला पर्याय. येथे अक्षरांकडे नीट लक्ष द्यावे. इंटेलच्या क्रमांकापुढे 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते आणि वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावेच लागते. स्वस्त मिळतो म्हणून 'एफ' घेतलेले दोघे माझ्याकडे काळा पडदा घेऊन आले होते! तसेच एच-६१० बोर्ड डीडीआर-४ व डीडीआर-५ अशा दोन्ही रॅमसाठी वेगवेगळे मिळतात. एका प्रकारची पट्टी दुसऱ्या खाचेत बसत नाही, त्यामुळे बिल करण्यापूर्वी दोन्ही नावे जुळवून पाहावीत.

एसएमपीएसवर काटकसर नको

संगणकाच्या पेटीत विजेचा पुरवठा सांभाळणाऱ्या भागास एसएमपीएस म्हणतात. कमी किमतीच्या कॅबिनेटसोबत तो बहुधा फुकट येतो आणि त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले असते. प्रत्यक्षात वरील जोडणीस नेहमीच्या कामात १०० वॅटही लागत नाहीत. तेव्हा प्रश्न वॅटचा नसून, दाब वरखाली झाल्यावर हा भाग पुढच्या भागांना वाचवतो की स्वतःबरोबर घेऊन जातो, हा आहे. हलक्या एसएमपीएसमध्ये संरक्षणाचे घटक गाळलेले असतात. हातात घेतला तरी वजनातला फरक कळतो. कॅबिनेट साधी घ्यावी, पण एसएमपीएस नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणित व किमान तीन वर्षांच्या हमीचा वेगळा घ्यावा.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी सोयाबीन-हरभरा पीक पद्धतीच्या प्रयोगाच्या तीन हंगामांच्या नोंदी माझ्या वापरातील एका संगणकात होत्या. मे महिन्यातील वादळी पावसात वीज अर्ध्या तासात तीन वेळा गेली व आली. तिसऱ्या वेळी एसएमपीएस जळाला आणि त्याबरोबर हार्ड डिस्कचे सर्किटही गेले. नोंदींची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. दोन विद्यार्थ्यांनी सुट्टीत बसून शेतवह्यांवरून आकडे पुन्हा भरले, परंतु एका हंगामाची वही सापडली नाही. तो हंगाम अहवालातून वगळावा लागला. तो एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला होता.

अर्थिंग आणि यूपीएस

गावातील विजेचा दाब पाहता यूपीएस हा चैनीचा भाग समजू नये. ६०० व्हीए क्षमतेचा साधा यूपीएस संगणक व पडदा यांना साधारण दहा-पंधरा मिनिटे चालवतो. तेवढ्या वेळात काम साठवून संगणक रीतसर बंद करता येतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर जोडू नये. त्याचा तापणारा भाग एका क्षणी शेकडो वॅट ओढतो व यूपीएस बंद पडतो. कार्यालयात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील कळ 'यूपीएस' या बाजूला आहे का ते पाहावे. एरवी वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होण्यास लागणाऱ्या वेळात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

अर्थिंग नसेल तर वरील सर्व खर्च अर्धवट ठरतो. पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर अर्थिंग नाही असे समजावे. वायरमनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थिंग यांमधील दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची आठवण मोटारीच्या बाबतीत राहते, कार्यालयाच्या बाबतीत राहत नाही.

जुना संगणक घ्यावा काय?

मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले संगणक दुरुस्त करून विकले जातात. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते नव्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळू शकतात व पुष्कळदा मजबूत असतात. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर व टीपीएम २.० लागते. पिढी क्रमांकावरून ओळखता येते. आय-५ ८५०० मधील पहिला आकडा ८, म्हणजे आठवी पिढी. आय-५ ७५०० सातव्या पिढीचा, तो घेऊ नये. १२१०० सारख्या पाच आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे पाहावेत. आणखी एक अडचण अशी की, नामांकित कंपन्यांच्या छोट्या पेट्यांत त्यांच्याच मापाचा एसएमपीएस असतो. तो बिघडल्यास तालुक्याच्या दुकानात मिळणारा बसत नाही.

विंडोजऐवजी लिनक्स व लिबर ऑफिस विनामूल्य वापरता येतात व पत्रव्यवहारास पुरेसे आहेत. परंतु टॅलीसारखी हिशेबाची आज्ञावली विंडोजवर चालते, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली सभासद यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी कोडी दिसतात व नाव शोधताही येत नाही.

जोडणी करताना

जोडणी अवघड नाही, घाई मात्र नको. काम सुरू करण्यापूर्वी धातूच्या वस्तूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण बोर्डावरील त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. रॅमची पट्टी खाच जुळल्यावर 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवावी. बोर्डाला मोठ्या तारेशिवाय प्रोसेसरसाठी वेगळी वीजजोड लागते, ती विसरल्यास संगणक सुरूच होत नाही. पेटीच्या मागील मोकळ्या फटी पट्ट्यांनी बंद कराव्यात. त्यातून उंदीर शिरून तारा कुरतडतात.

दुसरी प्रत

शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते, त्यामुळे तिच्या हिशेबाला कंपन्यांचेच नियम लागू होतात. ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनुसार संगणकावरील हिशेब पुस्तकांची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाची नोंद राहण्याची सोय असणेही आवश्यक आहे. चोरून उतरवलेली आज्ञावली वापरणाऱ्यांना ही सोय खात्रीशीर मिळत नाही, वर विषाणूचा धोका असतो. आपल्या लेखापरीक्षकाकडून यासंबंधीची व्यवस्था एकदा तपासून घ्यावी.

याखेरीज बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर दर शनिवारी एक प्रत घ्यावी. ती डिस्क काम होताच काढून कार्यालयाऐवजी सचिवांच्या घरी ठेवावी, म्हणजे आग, चोरी किंवा विजेचा लोळ यांतून एक प्रत तरी वाचते. तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतील एखाद्या सभासदाचे खाते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा त्याच दिवशी भिंतीवरील कळ बंद करून यूपीएस किती मिनिटे टिकतो तेही घड्याळ लावून पाहावे व तारखेसह यूपीएसवरच लिहून ठेवावे.